मेंदी, गोंदण, टॅटू : दसऱ्याच्या आधी एवढं वाचा

दसरा जवळ आला. रामलीला मैदानावर पाळणे लागतील, खेळण्यांची दुकानं लागतील आणि कोपऱ्यात एखादा टॅटूवालाही मशीन घेऊन बसेल. म्हणून आधीच लिहितोय.

माझ्या आजीच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण होतं. ती म्हणायची, "सोनं-नाणं इथंच राहतंय बाबा, गोंदण तेवढं संगं येतंय." मेंदीचं तसं नाही. लग्न असो की ईद, आपल्याकडं सगळ्याच घरांत ती लागते आणि दोन-तीन आठवड्यांत जाते. कारण मेंदीच्या पानातला रंग कातडीच्या अगदी वरच्या थराला धरतो आणि तो थर झडत राहतो. गोंदणाची सुई त्याच्या खालच्या थरात शाई सोडते. ती झडत नाही. गोंदण म्हणजे संस्कृती आणि टॅटू म्हणजे थेरं, असं मला वाटत नाही. सुईचा हिशोब दोघांचा एकच.

हे आत्ताच का सांगतोय? कारण पहाटे रस्त्यानं पळणारी आपली पोरं. आपल्या जिल्ह्यात दुसरी कंपनी-कारखाना कुठाय? भरती हीच आशा. आणि बीएसएफ, सीआरपीएफसारख्या केंद्रीय दलांच्या शिपाई भरतीत टॅटूचा नियम स्पष्ट आहे : डाव्या हाताच्या कोपराखालचा आतला भाग किंवा पंजाची मागची बाजू, एवढीच जागा. तोही त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा लहान. धार्मिक चिन्ह किंवा नाव चालतं. उजव्या हातानं सलाम करायचा असतो, म्हणून तिथं कोपराखाली टॅटू चालत नाही. दोन वर्षं घाम गाळायचा आणि मेडिकलला दंडावरच्या वाघामुळं बाहेर पडायचं, हे परवडणारं नाही.

दुसरं, सुई. एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर कावीळ बी, सी आणि एचआयव्हीचा धोका असतो. म्हणूनच टॅटू काढल्यावर १२ महिने रक्तदान करता येत नाही.

मेंदीही डोळे झाकून घेऊ नका. खरी मेंदी आधी नारंगी दिसते, एक-दोन दिवसांत गडद होते. तासाभरात काळीकुट्ट चढणाऱ्या 'काळ्या मेंदीत' बहुतेक वेळा केसांच्या डायमधलं पीपीडी हे रसायन असतं. त्यानं फोड येतात, डाग राहतात आणि पुढं आयुष्यभर हेअर डायची ॲलर्जी होऊ शकते. लेकरांच्या हाताला तर लावूच नका.

नगरपालिका आणि आरोग्य विभागाला एकच विनंती : जागा देताना टॅटूवाल्याची सुई, शाई, हातमोजे तपासा. अकादमी चालवणाऱ्या सरांनी भरतीचा नियम फळ्यावर लिहून ठेवा.

आणि पोरांनो, हौस असेल तर यंदा मेंदीनं काढा. महिनाभरानंही तेच चित्र हवंसं वाटलं, तर नियम वाचून, नवी सुई समोर फोडायला लावूनच बसा.