उघड्या जीपवरचा तोफची

१/ आमच्या नागापूरपासून काही किलोमीटरवर, अहिल्यानगरच्या लष्करी परिसरात, १९९४ मध्ये स्थापन झालेले रणगाडा संग्रहालय आहे. तेथील जाड पोलादासमोर उभे राहिले की मला एका उघड्या जीपचे स्मरण होते.

२/ १० सप्टेंबर १९६५. पंजाबातील खेमकरण क्षेत्र. ४ ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद जीपवरील १०६ मिलिमीटर तोफेने पॅटन रणगाडे टिपत होते. या तोफेच्या माऱ्यासरशी मागे ज्वाळा आणि धूळ उसळते. शत्रूला जागा कळते. म्हणून गोळा सोडताच जीप हलवावी लागे. वेग हेच तोफचीचे चिलखत होते. अखेर शत्रूच्या गोळ्याने जीप उद्ध्वस्त झाली. हमीद यांना मरणोत्तर परमवीर चक्र लाभले.

३/ १९७९ मध्ये मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री रेजिमेंट उभी राहिली. तिचे केंद्र आपल्याच अहिल्यानगरात आहे. आज बीएमपी-२ वर आधारलेल्या ‘नामिका’ वाहनातून नाग क्षेपणास्त्र सोडणारा सैनिक चिलखताच्या आत बसूनच रणगाड्याचा वेध घेतो. काम हमीद यांचेच, आसन मात्र सुरक्षित.

४/ चिलखत अभेद्य नसते. अहिल्यानगरातील प्रशिक्षण अर्धवट सोडून युद्धावर गेलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी रणगाड्यातच धारातीर्थी पडले. तेव्हा ते २१ वर्षांचे होते.

५/ म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने पराक्रमाची गाथा सांगताना एक प्रश्न सोडू नये: त्या सैनिकाभोवती किती पोलाद होते? पुष्पचक्र गेलेल्यासाठी असते. हा प्रश्न उद्या त्या आसनावर बसणाऱ्यासाठी आहे.