शकुंतलेपासून मदीन्यापर्यंत

यवतमाळकरांना रेल्वेने कुठे जायचे असेल तर आधी धामणगाव किंवा वर्धा गाठावे लागते. दिवाळीच्या सुट्टीत मी, भाईजान आणि अम्मी उमराहला निघालो, तेव्हा आमचीही सुरुवात धामणगावच्या फलाटावरच झाली. तिथून रेल्वेने मुंबई आणि मुंबईहून विमानाने जेद्दा. मक्केत आठ दिवस राहून मदीन्याला जायचे होते. बहुतेक टूरवाले बसने नेतात. आम्ही स्वतःच्या स्वतः गेलो होतो, म्हणून भाईजानने हरमैन रेल्वेची तिकिटे काढली.

रेल्वेचे नाव ऐकताच अम्मी म्हणाल्या, "तुझे अब्बा असते तर सगळ्यात आधी जाऊन खिडकीजवळ बसले असते."

अब्बांचा जीव शकुंतलेत होता. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जाणारी ती अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची गाडी. वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला जावा म्हणून 1903 च्या सुमारास इंग्रज कंपनीने ती सुरू केली. 113 किलोमीटर जायला तिला अर्धा दिवस लागे. वाफेचे इंजिन 1994 पर्यंत होते, मग डिझेल आले. अम्मींचे माहेर दारव्ह्याचे. लग्नानंतर त्या मोतीबाग स्टेशनवरून याच गाडीत बसून यवतमाळला आल्या. कुणी धावत येताना दिसले तर गार्ड गाडी थांबवायचा, असे त्या सांगतात. आता काही वर्षांपासून ती गाडी बंद आहे.

अब्बा जिनिंगमध्ये कामाला होते. शकुंतलेत बसले की म्हणायचे, "ही गाडी अशीच हळूहळू मदीन्याला गेली असती, तर मी कधीचाच पोहोचलो असतो." हजसाठी ते एका डब्यात पैसे टाकत. तो डबा दोनदा भरला आणि दोनदा रिकामा झाला. एकदा भाईजानच्या इंजिनिअरिंगला, एकदा माझ्या लग्नाला. तिसऱ्यांदा भरायच्या आत अब्बा गेले.

मक्केत पहिली चूक आम्हीच केली. गाडी दुपारी दीडची होती. जोहरची नमाज हरममध्ये पढून निघू, स्टेशन चार-पाच किलोमीटरवर तर आहे, असा हिशेब केला. नमाजनंतरच्या गर्दीतून बाहेर पडायलाच पाऊण तास गेला, टॅक्सी मिळायला आणखी वेळ. रुसैफा भागातल्या त्या भव्य स्टेशनात धापा टाकत पोहोचलो तेव्हा गाडी सुटायला काही मिनिटे होती, पण फलाटाकडे जाण्याचे दार बंद झाले होते. विमानासारखाच नियम. भाईजानने विनवण्या केल्या. कर्मचाऱ्याने अदबीने नाही म्हटले.

माझे डोळे भरून आले. अम्मी मात्र शांत होत्या. "इथे गार्ड थांबत नाही, बेटा. चला, दुसरी गाडी बघा." असरनंतरच्या गाडीत तीन जागा मिळाल्या. पैसे पुन्हा भरावे लागले. स्टेशनातच नमाजची जागा आहे, तिथे असर पढलो.

मग ती लांब नाकाची पांढरी गाडी आली. स्पेनच्या कंपन्यांनी बनवलेली, एका गाडीत 417 आसने. ही सेवा 2018 च्या ऑक्टोबरमध्ये लोकांसाठी खुली झाली. मक्का, जेद्द्याचे सुलैमानिया, जेद्दा विमानतळ, किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटी आणि मदीना अशी पाच स्टेशने. अंतर सुमारे 450 किलोमीटर आणि वेळ जेमतेम अडीच तास. उंटांच्या काफिल्याला मक्केहून मदीन्याला पोहोचायला दहा-बारा दिवस लागत.

अम्मींना खिडकीजवळ बसवले. त्यांनी सफरीची दुआ पढली आणि तस्बीह काढली. जेद्दा सोडल्यावर डब्यातल्या पडद्यावर वेगाचा आकडा चढू लागला. 200, 250, मग 300. पाण्याची बाटलीही हलत नव्हती. अम्मी विचारत होत्या, "निघाली का गाडी?" बाहेर वाळू, विजेचे खांब, मध्येच उंटांचा कळप. पाहीपर्यंत मागे गेलेला. मदीन्याकडे वळल्यावर काळ्या खडकाचे डोंगर सुरू झाले. हा ज्वालामुखीचा दगड, आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या जातीचा. अम्मी म्हणाल्या, "हे तर घाटंजीकडच्या टेकड्यांसारखं दिसतंय, फक्त झाडं नाहीत."

मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मी पाहिले तर डोळ्यांतून पाणी वाहत होते. म्हणाल्या, "पैसे त्यांनी जमवले, आणि बसले मी. हा कसला इन्साफ?" मला उत्तर सुचले नाही. दरूद पढत राहिलो. दिवस मावळता मावळता मदीना आले.

त्या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या दिवशी मिळाले, तेही एका रेल्वे स्टेशनातच. मस्जिदे नबवीपासून चालत जाता येईल अशा अंतरावर अंबरिया भागात काळपट दगडांचे जुने स्टेशन आहे. हे हिजाज रेल्वेचे शेवटचे स्टेशन. आता तिथे संग्रहालय आहे. तुर्कस्तानचे सुलतान अब्दुल हमीद दुसरे यांनी 1900 मध्ये या रेल्वेची घोषणा केली आणि 1908 मध्ये दमास्कसहून पहिली गाडी इथे आली. सुमारे 1300 किलोमीटरचा रस्ता. उंटावरून सुमारे 40 दिवस लागणारा प्रवास चार-पाच दिवसांवर आला. म्हणजे आपल्याकडे शकुंतला धावू लागली, त्याच काळात तिकडे वाळवंटात हे रूळ पडत होते.

जुने इंजिन आणि डबे पाहताच अम्मी थबकल्या. "अरे, ही तर आपली शकुंतला!" रूळ शकुंतलेपेक्षा थोडे रुंद, साधारण साडेतीन फुटांचे, पण तोच काळा रंग, तीच ठेंगणी बांधणी. डब्याच्या लोखंडाला त्यांनी हात लावला.

भाईजानने त्यांना या रेल्वेची हकिकत सांगितली. युरोपच्या सावकारांकडून कर्ज न घेता ही रेल्वे बांधायचे ठरले होते. म्हणून जगभरच्या मुसलमानांकडून वर्गणी गोळा झाली. सैनिक राबले, सरकारी नोकरांचे पगार कापले गेले, आणि आपल्या हिंदुस्थानातूनही पैसा गेला. नवाबांनी दिला तसा साध्या लोकांनीही दिला. रूळ मक्केपर्यंत न्यायचे होते, ते कधी झालेच नाही. पहिल्या महायुद्धात जागोजागी रूळ उडवले गेले आणि मदीन्याची गाडी जी बंद पडली ती कायमचीच. दहा-बारा वर्षांचेच आयुष्य.

अम्मींनी विचारले, "मग ज्यांनी हिंदुस्थानातून पैसे दिले, ते बसले का या गाडीत?"

"बहुतेक कुणीच नाही बसले, अम्मी. समुद्राने येणारे हाजी जेद्द्याला उतरायचे. ही गाडी दमास्कसची."

"तरी दिले?"

"तरी दिले."

अम्मी बाकावर बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "म्हणजे त्यांनी दुसऱ्यांसाठी दिले. सवाब थोडाच बुडाला असेल त्यांचा." मग माझ्याकडे आणि भाईजानकडे पाहून हळूच म्हणाल्या, "त्यांनीही तुमच्यासाठीच दिले होते." त्या दिवशी मगरिबनंतर त्यांनी अब्बांसाठी लांब दुआ केली. नंतर मात्र तो प्रश्न पुन्हा काढला नाही.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगते. तिकीट ऑनलाइन मिळते, पासपोर्टवरचे नाव आणि नंबर जसाच्या तसा भरा. रमजानमध्ये आणि सुट्ट्यांत जागा लवकर संपतात. हरममधून नमाजनंतर लगेच निघण्याचा बेत करू नका, स्टेशनवर किमान एक तास आधी पोहोचा. सामान मोजकेच ठेवा. आणि वेळ काढून अंबरियाचे जुने स्टेशन जरूर पाहा. मुलांना त्याची गोष्ट सांगा.

परत आल्यावर एकदा यवतमाळच्या जुन्या स्टेशनाजवळून जात होतो. अम्मींनी रिक्षा थांबवायला सांगितली आणि ओस पडलेल्या फलाटाकडे पाहत राहिल्या. वर्ध्याहून नांदेडला जाणाऱ्या नव्या रेल्वेची गाडी 2024 च्या फेब्रुवारीत कळंबपर्यंत आली, उरलेले काम चालू आहे. इन्शाअल्लाह, उद्या यवतमाळचा हाजी आपल्याच गावातून रेल्वेत बसून निघेल. घरी अब्बांचा डबा अजून आहे. अम्मींनी त्यात पुन्हा पैसे टाकायला सुरुवात केली आहे. कुणासाठी, विचारले तर सांगत नाहीत.

अल्लाह सर्वांना हा सफर नसीब करो. आमीन.