चाकाचा आउट

आमच्या ओसरीवर या घडीला पाच सायकली उभ्या आहेत. मागच्या दारी पोत्यांत आणखी किती आहेत ते सांगता येत नाही, कारण त्या आता सायकली राहिलेल्या नाहीत. भंगारात निघालेली जुनी सायकल मी मागून आणतो, खोलतो, चालती करतो आणि वस्तीवरून शाळेला पायी येणाऱ्या पोरांना देतो. जूनमध्ये शाळा उघडतात, ज्येष्ठ वद्यात देहू-आळंदीहून प्रस्थान. म्हणून सगळी घाई वैशाखात. हरिपाठ मात्र चुकत नाही. हात काळे असले तरी तोंड मोकळं असतं.

काळी, उंच, 28 इंची चाकांची सायकल हाती आली की बरं वाटतं. तिच्या पुढच्या चाकाला 32 तारा आणि मागच्याला 40, कारण माणसाचं आणि कॅरिअरवरच्या पोत्याचं वजन मागं जास्त पडतं. चाकाचा आउट काढायचा म्हणजे ते चिमट्यात बसवून फिरवायचं आणि शेजारी खडू धरायचा. जिथं खडू घासेल तिथं रिंग त्या अंगाला झुकलेली. मग समोरच्या अंगाची तार पाव फेरा आवळायची, या अंगाची तेवढीच सैल करायची, पुन्हा फिरवून पाहायचं. एकदम आवळणारा चाकाची जिलबी करतो.

कीर्तनात ऐकतो की देह यंत्रासारखा झिजतो, गंजतो. झिजतो हे खरं. पण महाराज मंडळींनी राग मानू नये, सायकल गंजते ती चालून नव्हे, उभी राहून. रोज चालणाऱ्या सायकलीचे कप-कोन झिजलेले असले तरी चकचकीत निघतात. दहा पावसाळे भिंतीला टेकलेलीच्या मागच्या हबातले अठराच्या अठरा छर्रे एकमेकांना चिकटलेले असतात.

गेल्या वैशाखात शेजारच्या गावच्या एक बाई सायकल घेऊन आल्या. यजमान दिंडीत टाळकरी होते, दर वद्य एकादशीला याच सायकलीवर आळंदीला जात. त्यांना जाऊन सहा वर्षं झालेली. “नातवापुरती चालती करा, माउली.” मी पुसून पाहिलं. सीटच्या नळीतून पाणी आत उतरतं आणि खाली, पायडलचा आस बसतो त्या सांध्याशी साचतं. तिथं पेचकस टेकवला तो सरळ आत गेला. अशा जागी वेल्डिंगचं ठिगळ मारून वर काळा रंग दिला की कुणाला कळत नाही. पण पोर उतारावर असताना सांधा सुटला तर? मी नाही म्हणालो.

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मग यातलं राहतं काय?”

पुढचं चाक, हॅंडल, घंटी, चेनकव्हर. एका धड सांगाड्यावर हे चढवून आठ दिवसांत नातवाला सायकल दिली. नेताना बाईंनी घंटी वाजवून पाहिली आणि विचारलं, “ही त्यांचीच म्हणायची का?” मला उत्तर देता आलं नाही. अजून येत नाही.

उरलेलं वेगवेगळं करावं लागतं. लोखंड लोहचुंबकाला धरतं, ॲल्युमिनियम आणि पितळ धरत नाही. मिसळून दिलं तर सगळ्याला लोखंडाचाच भाव. ट्यूबच्या पट्ट्या कापून ठेवतो, दिंडीच्या ट्रकवर बोजा आवळायला त्या दोरीपेक्षा बऱ्या. लोखंड जालन्याच्या भट्ट्यांकडे जातं, असं भंगारवाला सांगतो. तिथं ते दीड हजार अंशांच्या वर वितळवून सळई ओढतात. त्या रसात कुणाची सायकल कुठली हे राहत नाही.

यजमानांचा सांगाडा टेम्पोत घालताना मला महाद्वारातली नामदेवरायांची पायरी आठवली. ही सळई कुठल्या पायरीत जाईल कोण जाणे. मागच्या चाकासकट तो काट्यावर साडेअकरा किलो भरला. आलेल्या पैशांत कॉटर पिना आणि नवे छर्रे आणले.