सोबतीचे वार

संध्याकाळ झाली की मात्सुए शहरातली माणसे शिंजी सरोवराच्या काठी येऊन थांबतात. पाण्यात योमेगाशिमा नावाचे इवलेसे बेट आणि त्याच्यामागे बुडणारा सूर्य. काठावरच्या कलासंग्रहालयाला या सूर्यास्ताचे एवढे कौतुक, की मार्च ते सप्टेंबर ते सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने बंद होते! या घोळक्यात एखादा परदेशी चेहरा एकटाच दिसला, तर तो पर्यटकच असेल असे नाही. तो गावातल्या शाळेचा इंग्रजीचा मास्तरही असू शकतो.

जपान समुद्राच्या बाजूचे हे सुमारे दोन लाख वस्तीचे शहर. १६११ साली पुरा झालेला किल्ला, भोवती खंदक, खंदकातून फिरणाऱ्या होड्या. काही पूल इतके ठेंगणे, की त्यांच्याखालून जाताना होडीचे छत खाली येते आणि प्रवासी कमरेत वाकतात. पर्यटकाला इथे दोन दिवस पुरतात. मास्तराला मात्र निदान वर्ष काढायचे असते.

जपान सरकारने १९८७ साली 'जेट' योजना सुरू केली. तिच्यातून परदेशी पदवीधर तरुण-तरुणी इथल्या शाळांमध्ये सहायक शिक्षक म्हणून येतात. करार एका वर्षाचा, फार तर पाच वर्षांपर्यंत वाढणारा. काम अवघड नसते. अवघड असते ती शाळेनंतरची संध्याकाळ. मास्तर दुपारी चार-साडेचारला मोकळा होतो, पण त्याचे जपानी सहकारी मुलांचे खेळ आणि मंडळे सांभाळत रात्रीपर्यंत शाळेतच असतात. शिक्षकांच्या मेजवान्या होतात, तिथे हास्याचे फवारे उडतात, आणि दुसऱ्या दिवशी शिक्षककक्षात पुन्हा चिडीचूप. त्यातून कोणाशी सूर जुळलाच, तर मार्चअखेर बदल्यांची यादी लागते आणि नेमका तोच दुसऱ्या गावी जातो.

मग ही माणसे माणूसघाणी आहेत का? मुळीच नाही. आपल्याकडे 'सहज आलो होतो' म्हणून कोणाच्याही दारात उभे राहता येते. तिथे 'सहज' असे काही नसते, एवढेच.

एकेकाळी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. मात्सुएतला शहाणा मास्तर सोबतीचे वार लावतो. एक वार समाजमंदिरातल्या जपानी भाषेच्या वर्गाचा, जिथे हौशी स्वयंसेवक शिकवतात. एक वार शाळेच्या व्यायामशाळेत रात्री जमणाऱ्या बॅडमिंटनवाल्यांचा. आणि एक चहाचा.

चहा हा मात्सुएत चेष्टेचा विषय नव्हे. इथले सातवे सरदार मात्सुदाइरा फुमाई (१७५१–१८१८) हे चहाविधीचे नामांकित जाणकार. त्यांच्यामुळे हिरवा माच्छा घुसळून पिण्याची आवड सामान्य घरांतही रुजली. सोबत 'वाकाकुसा' ही तांदळाची मऊ, हिरवीगार मिठाई. चहाच्या वर्गात वज्रासनात बसावे लागते. अर्ध्या तासात पाय असे बधिर होतात, की उठताना धडपडण्याचीच भीती. पण या धडपडण्यानेच पहिले हसू फुटते. सुरुवातीला कोणी काही विचारत नाही. मास्तर येतो, वाकून नमस्कार करतो, जातो. मग एखादा वार चुकतो, आणि पुढच्या खेपेला एखाद्या आजीबाई विचारतात, 'बरं नव्हतं का?' त्या दिवसापासून तो पाहुणा राहत नाही. घरचे बोलावणे कदाचित कधीच येणार नाही, पण परसातल्या पर्सिमनच्या फळांची पिशवी हातात पडते.

ही घडी हिवाळ्यापूर्वी बसावी लागते. इकडचा हिवाळा करडा आणि ओला. डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका, असे इकडचे लोक म्हणतात. खंदकातल्या होड्यांतही तेव्हा रजईखाली शेगडीची ऊब ठेवतात. गेल्या शतकापूर्वीचा एक मास्तर याच थंडीने हैराण झाला होता.

त्याचे नाव लाफ्काडिओ हर्न. ग्रीक आईचा आणि आयरिश बापाचा हा मुलगा अमेरिकेत पत्रकारी करून १८९० साली मात्सुएच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आला. जपानी येत नव्हते. त्याला तारले ते निशिदा सेंतारो या सहकारी शिक्षकाने आणि संध्याकाळी घरी येणाऱ्या विद्यार्थ्यांनी. मुले येत, घरातली एखादी जुनी मौल्यवान वस्तू दाखवायला आणत, थोडे बोलत, बरेचसे गप्प बसत. हर्नने त्या गप्प बसण्याचेही कौतुक लिहून ठेवले आहे. कोइझुमी सेत्सु या सामुराई घराण्यातल्या मुलीशी त्याने संसार थाटला. दोघांनी मोडक्या जपानीची अशी खास बोली बनवली, की ती त्या दोघांनाच पुरेपूर कळे.

थंडी सोसेना आणि कुमामोतोला पगार दुप्पट मिळत होता, म्हणून १८९१ च्या नोव्हेंबरात त्याने मात्सुए सोडले. उणीपुरी पंधरा महिन्यांची वस्ती. तरी निघायच्या सकाळी शिक्षक आणि विद्यार्थी त्याच्या घरापाशी गोळा झाले आणि त्याला सोबत करत बोटीच्या धक्क्यापर्यंत चालत गेले.