एका प्रवासाचे जमा-नावे

दिवाळीचे वहीपूजन आटोपले आणि त्याच संध्याकाळी चिरंजीवांनी एक रंगीत पत्रक माझ्या गादीवर आणून ठेवले. बेंगळुरूच्या तुमकूर रस्त्यावरील आंतरराष्ट्रीय प्रदर्शन केंद्रात दर दोन वर्षांनी 'इंडियावुड' नावाचे लाकूडकामाचे मोठे प्रदर्शन भरते, त्याचे ते पत्रक होते. "बाबा, या वेळी तुम्ही जाऊनच या," तो म्हणाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : मुक्ताईनगरातील आमच्या हार्डवेअरच्या दुकानात डाव्या हाताची जी भिंत आहे, जिथे रंधे, पटाश्या, करवती, वाकस आणि गिरमिटे माझ्या वडिलांच्या काळापासून टांगलेली आहेत, ती भिंत आता केवळ जागा अडवते. तिथे विजेवर चालणारी यंत्रे मांडावीत, आणि कोणती मांडावीत हे मी एकदा प्रत्यक्ष पाहून यावे.

मी त्या दिवशी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. वहीचे एक कोरे पान उघडले, मधोमध रेघ ओढली, एका बाजूला 'जमा' लिहिले आणि दुसऱ्या बाजूला 'नावे'.

नावे बाजू चटकन भरली. भुसावळला जाऊन कर्नाटक एक्सप्रेस पकडायची, गाडीत एक रात्र काढायची, परतताना दुसरी. प्रदर्शन फेब्रुवारीच्या अखेरीस. म्हणजे महाशिवरात्रीची चांगदेव-मुक्ताबाईची यात्रा नुकतीच उलगडलेली, लग्नसराईसाठी पलंग-कपाटांची कामे जोरात आणि मार्चअखेरचा हिशेब तोंडावर. अशा दिवसांत मालकाने गल्ला सोडून चार-पाच दिवस परगावी जाणे आमच्या घराण्याच्या रीतीत बसणारे नाही. शिवाय त्या प्रदर्शनात मुख्यत्वे मोठमोठी यंत्रे असतात. एका तालुक्याच्या दुकानदाराने ती पाहून करावे काय?

जमा बाजूला बराच वेळ एकच ओळ होती : 'हत्यार हाती घेतल्यावाचून कळत नाही.' ही ओळ मला स्वस्तात मिळालेली नाही. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याचे सचित्र सूचीपत्र पाहून मी लोखंडी रंध्यांची मोठी मागणी नोंदवली होती. चित्रात रंधे देखणे होते, भावही बरा होता. महिनाभरात एकेक मिस्तरी ते परत घेऊन येऊ लागला. पात्याच्या पोलादाला पाणी नीट दिलेले नव्हते. सकाळी सहाणेवर लावलेली धार दुपारी जेवणाच्या आत बसत होती. ते रंधे अजूनही माळ्यावर पडून आहेत. चित्रातून लांबी-रुंदी कळते. वजन, मुठीची पकड आणि पोलादाचा कस कळत नाही.

म्हणूनच जगभर माणसे हत्यारे पाहण्यासाठी दूरवर जातात. अमेरिकेच्या आयोवा राज्यात अमाना नावाची जुनी खेडी आहेत. तिथे २०१३ साली 'हँडवर्क्स' नावाचा मेळावा प्रथम भरला. हातहत्यारे घडविणारे कारागीर तिथल्या जुन्या कोठारात आपापली बाके मांडून बसले, आणि येणाऱ्याने रंधा हातात घ्यावा, समोरच्या फळीवर चालवून पाहावा अशी मोकळीक होती. जपानात कोबे शहरात १९८४ पासून केवळ सुतारी हत्यारांचे एक संग्रहालय आहे. आपला मिस्तरी रंधा पुढे ढकलतो, जपानी मिस्तरी तो स्वतःकडे ओढतो. एवढासा फरक, पण तो हाताला कळतो. चित्रात दोन्ही रंधे स्थिरच दिसतात.

पान तसेच अर्धवट ठेवून मी आईकडे गेलो. आमच्या घरात प्रवासाचा विषय निघाला की तिला विचारावेच लागते. गेली कित्येक वर्षे तिचे दिग्व्रत आहे. चारही दिशांना किती अंतरापर्यंत जायचे याची मर्यादा तिने घालून घेतली आहे आणि पर्युषणात ती मर्यादा ती आणखी आखडून घेते. मला वाटले, ती एका शब्दात नको म्हणेल. तिने विचारले, "काय आणायला जातोस?"

"आणायला नाही, पाहायला."

"पाहून काय ठरवायचे आहे?"

मी भिंतीचे सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मर्यादा घालून घ्यायची ती पाय बांधायला नाही रे. उंबरा ओलांडण्याआधी माणसाने स्वतःला विचारावे म्हणून. जे ठरवायचे आहे ते तुला एकट्याला ठरवता येईल का, तेवढे बघ."

तिच्या या शेवटच्या वाक्याने मला आबांच्या शेडकडे नेले.

आबा आमच्या दुकानाचे सर्वांत जुने गिऱ्हाईक. वय पंचाहत्तरीच्या पुढे, एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, दुसऱ्याचे व्हायचे. गावाबाहेर, पूर्णेकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांची पत्र्याची शेड आहे. एके काळी या शेडसमोर बैलगाड्यांची रांग असे. तुंबा, आरे, चाकावर चढवायची लोखंडी धाव, सगळे तिथेच होई. जुवासाठी कोणते लाकूड, वखरासाठी बाभूळ, गाडीच्या दांड्यांसाठी तिवस, कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी धावडा, हे त्यांना विचारावे आणि निर्धास्त व्हावे. त्यांच्या वडिलांना सुतारकीचे बलुते होते. वर्षभर शेतकऱ्यांची औते दुरुस्त करायची आणि खळ्यावर धान्य घ्यायचे. आबांच्या हयातीत बलुते गेले, मग रबरी टायरच्या गाड्या आल्या, त्यांच्यामागे ट्रॅक्टर आले. आता ते चौकटी बसवितात, जुनी दारे दुरुस्त करतात, आणि मनात आले तर एखाद्या नातवंडासाठी पाळणा करतात.

मी गेलो तेव्हा ते पटाशीला धार लावीत होते. बेंगळुरूचे ऐकून त्यांनी हात थांबविला नाही.

"जा ना शेठ. पण तिथं जाऊन विचारणार काय?"

"काय म्हणजे?"

"तुम्ही भाव विचाराल. कमिशन विचाराल. माल किती दिवसांत येतो ते विचाराल. तुमचं ते कामच आहे. पण पातं अंगठ्यावर धरून कोण बघणार?"

मला उत्तर सुचले नाही. पन्नास वर्षे मी हत्यारे विकली. एकाही रंध्याने मी लाकडाचा एक सरळ काप काढलेला नाही. माळ्यावरचे ते रंधे मी चित्र पाहून घेतले म्हणून फसले, असे मी आजवर समजत होतो. हातात घेऊन पाहिले असते तरी मी फसलोच असतो. पाहणारा हात माझा नव्हता.

पुढच्या आठवड्यात उधारीच्या वसुलीसाठी सावदा-फैजपूरकडे जाणे झाले. तापी ओलांडली की दोन्ही अंगांना केळीच्या बागा सुरू होतात. पलीकडे सातपुड्याची निळसर रेघ दिसते. आबांना लागणारे सागवान आणि अंजन याच डोंगराच्या कुशीतले. या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलो असेन, पण त्या दिवशी फैजपूर येताच मनात प्रदर्शनाचाच विचार असल्यामुळे १९३६ साल आठवले.

त्या वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे पन्नासावे अधिवेशन फैजपुरात भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू होते. 'टिळकनगर' उभारण्यासाठी गांधीजींनी शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावले आणि त्यांनी बांबू, चटया अशा गावाकडे मिळणाऱ्या साहित्यातून ते नगर रचले. अधिवेशनाला जोडून खादी आणि ग्रामोद्योगांचे प्रदर्शन होते. गांधीजींनी स्वतः त्याचे उद्घाटन केले. दोनच वर्षांपूर्वी, १९३४ साली, अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली होती. अधिवेशन खेड्यात नेण्यामागचा अर्थ सरळ होता. तोवर राष्ट्रीय सभेला जायचे म्हणजे शहर गाठायचे. गाठणार कोण? ज्याच्याजवळ सवड आणि भाडे असे तो. सभा आणि प्रदर्शन खेड्यात आल्यावर खानदेशातला शेतकरी आणि कारागीर पायी किंवा बैलगाडीने येऊन ते पाहू शकत होता. आबांचे वडील त्या गर्दीत होते, असे आबा सांगतात. बरोबर काही आणल्याचे त्यांना ठाऊक नाही. चार दिवस औते सोडून वडील गेले आणि परतल्यावर महिनाभर तेच बोलत राहिले, एवढे मात्र त्यांच्या आईकडून त्यांनी ऐकले होते.

गाडी फैजपूरच्या चौकात उभी करून मी वसुलीची यादी काढली खरी, पण मन त्या अर्धवट पानावर होते. नव्वद वर्षांपूर्वी प्रदर्शन कारागिराच्या दारी आणले गेले. आज ते बेंगळुरूत भरते. ते मुक्ताईनगरला आणणे माझ्या हाती नाही. मात्र कारागिराला तिथे नेणे माझ्या हाती आहे.

आबांना स्वतःला एवढा प्रवास झेपणार नव्हता. त्यांचा नातू भुसावळला प्लायवूडची कपाटे आणि स्वयंपाकघरे करतो. यंत्रांवरच त्याचे पोट आहे, म्हणून तो चिरंजीवांच्याच पक्षाचा निघेल असा माझा कयास होता. त्याला दुकानात बोलावले. तो त्या भिंतीसमोर उभा राहिला, एकेक हत्यार काढून पाहू लागला आणि आठ-दहा वस्तू त्याने बाजूला ठेवल्या. "या ठेवूच नका, यंत्र हे काम चांगलं करतं," तो म्हणाला. त्यात मोठ्या करवती होत्या, जाड गिरमिटे होती. मग दोन रंधे आणि पटाश्यांचा संच दाखवून म्हणाला, "याच्याशिवाय माझं घर चालायचं नाही. यंत्रानं कपाट होतं, पण जुन्या वाड्याच्या वाकड्या चौकटीत नवं दार बसवायला शेवटचा केसभर काप हातानंच काढावा लागतो. फक्त पोलाद चांगलं पाहिजे. आजोबांच्या पात्यासारखं पातं मला आजवर बाजारात मिळालं नाही."

चिरंजीव हे सारे ऐकत होते. भिंत अडगळीची की उपयोगाची, यावर आम्ही बाप-लेक दोन महिने बोलत होतो आणि दोघांपैकी कोणालाही हे माहीत नव्हते की भिंतीचा अर्धा भाग अडगळीचा आहे आणि अर्धा उपयोगाचा.

त्या रात्री वहीचे पान पूर्ण केले. नावे बाजूला एका तिकिटाच्या जागी दोन तिकिटे लिहिली आणि नातवाच्या पाच दिवसांच्या बुडणाऱ्या मजुरीची रक्कमही मांडली. हा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा यावर लेखणी थोडी अडली. धर्मादाय खात्यावर टाकणे सोपे होते, आणि मनाला बरेही वाटले असते. पण ते खरे नव्हते. मी त्याच्यावर उपकार करीत नव्हतो. त्याचा हात आणि नजर मी दुकानासाठी उसनी घेत होतो. म्हणून रक्कम दुकानखर्चात लिहिली.

आईला सांगितले तेव्हा तिने पुन्हा प्रश्नच विचारले. किती दिवस? पाच. आणखी कुठे? नाही, बेंगळुरू आणि परत. म्हैसूर जवळ आहे म्हणून पाहून येऊ, असे होणार नाही ना? नाही. मग तिने माझ्यासाठी खाखऱ्याचा डबा काढून ठेवला आणि गाडीत सूर्यास्ताआधी जेवून घेण्याची आठवण करून दिली. तिची संमती अशीच असते.

वाचकबंधूंपैकी बहुतेकांची दुकाने आहेत. कापडाचे असो, धान्याचे असो, भांड्यांचे असो, प्रत्येकाच्या दुकानात अशी एखादी जुनी भिंत असेल आणि ती काढावी असे म्हणणारी तरुण पिढीही असेल. त्यांनी भिंत ठेवावी की काढावी, हे मी सांगू शकत नाही. माझे स्वतःचेच अजून ठरलेले नाही. बेंगळुरूहून परतल्यावर तिच्यावर काय राहील आणि काय उतरेल, ते तेव्हा पाहू. एवढेच सांगावेसे वाटते की माल पाहायला दूर जायचे झाले, तर तो माल ज्याच्या हातात अखेर जाणार आहे त्याला बरोबर न्यावे. भाव आपल्याला कळतो. धार त्याला कळते.

काल आबा स्वतः दुकानात आले. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले एक पाते त्यांनी गल्ल्यावर ठेवले. त्यांच्या वडिलांच्या रंध्याचे, घासून घासून निम्मे झालेले. "पोराजवळ द्या," ते म्हणाले. "तिथं पोलादवाले असतील त्यांना दाखवायला सांगा. याच्याहून चांगलं कुणाजवळ असेल तर एक घेऊन या. पैसे माझ्या खात्यावर मांडा."

मी पाते फडक्यासकट तिजोरीत ठेवले आहे. तिकिटेही तिथेच आहेत.