हिरवं पाकीट, पिवळं पाकीट

पुस्तकात रोग जंतूंच्या नावाने शिकवतात. गोनोरिया, क्लॅमिडिया, सिफिलिस, ट्रायकोमोनास. प्रत्येकाचा जंतू, लक्षणं, तपासणी, औषध, शुश्रूषा, असा ठरलेला क्रम. नर्सिंगच्या, जीएनएमच्या परीक्षेत मी तो नीट लिहिला होता. मग मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयाच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे जननमार्गाच्या आणि लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात, पोस्टिंग लागली आणि तिथल्या कपाटात यातलं एकही नाव दिसेना. दिसले ते रंग. राखाडी, हिरवं, पांढरं, निळं, लाल, पिवळं, काळं, अशी एक ते सात क्रमांकांची पाकिटं.

इनचार्ज सिस्टरांनी ती टेबलावर मांडली आणि एकेक माझ्या हातात दिलं. राखाडी पाकिटात अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम. पुरुषाच्या लघवीच्या वाटेतून पू येत असेल किंवा बाईच्या गर्भाशयाच्या तोंडाला संसर्ग असेल तर ते द्यायचं. हिरव्यात सेक्निडॅझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम, योनिमार्गाच्या दाहासाठी, एकदाच घ्यायचं. व्रण असेल तर पांढरं, त्यात पेनिसिलिनचं इंजेक्शन. ज्याला पेनिसिलिन सोसत नाही त्याला निळं. लाल हर्पिसच्या फोडांसाठी, काळं जांघेतल्या गाठीसाठी. पिवळं ओटीपोटाच्या दुखण्यासाठी.

माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला. जंतू कोणता हे न पाहता औषध द्यायचं? मी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "अगं, ती बाई पहाटेच्या एसटीनं आलीय. प्रयोगशाळेचा रिपोर्ट परवा मिळणार. परवा ती परत येणार नाही." एका तक्रारीमागे दोन-तीन जंतू एकत्र असणं नेहमीचंच. म्हणून लक्षणांचा संच ओळखायचा, त्यामागे असू शकणाऱ्या सगळ्या जंतूंवर एकदमच उपचार करायचे आणि तेही त्याच दिवशी, समोर बसवून. एकदाच घ्यायच्या गोळ्या तिथेच पाण्याबरोबर द्यायच्या.

मला हे पटलं, पण पूर्णपणे नाही. ही सगळी पद्धत तक्रारीवर उभी आहे. गोनोरिया आणि क्लॅमिडियाची लागण झालेल्या कितीतरी बायकांना काही त्रासच होत नाही. जंतू गुपचूप वर चढतात, गर्भनलिकांना सूज येते, नलिका बंद होतात आणि काही वर्षांनी ती बाई मूल होत नाही म्हणून दवाखान्याच्या पायऱ्या चढू लागते. तोवर घरात वांझ म्हणून तिचा छळ सुरू झालेला असतो. शिवाय ज्यांना गरज नाही त्यांच्याही पोटात प्रतिजैविकं जातात. तेव्हा जिथे सूक्ष्मदर्शक आहे आणि तंत्रज्ञ आहे, तिथे स्राव काचेवर घेऊन पाहायलाच हवा, असं माझं ठाम मत झालं. आमच्याकडे ते होत होतं. सलाईनच्या थेंबात वळवळणारा ट्रायकोमोनास मी पहिल्यांदा तिथेच पाहिला.

पण खरी अवघड गोष्ट पाकिटाच्या आधीची होती. बाई आत येते आणि म्हणते, "कंबर दुखते." एवढंच. मग हात-पाय गळून जातात, चक्कर येते, जेवण जात नाही. मी केसपेपरवर कंबरदुखी लिहून थांबायची आणि पुढे काय विचारावं ते सुचत नसे. सिस्टर मात्र पडदा ओढायच्या, सासूला "बाहेर बसा आई, बोलावते" म्हणून पाठवायच्या आणि लांबून सुरुवात करायच्या. मुलं किती, धाकटं केवढं, पाळी कधी आली होती, किती दिवस जाते. मग तेच पुढचं वाक्य असल्यासारखं, त्याच आवाजात: "पांढरं जातं का? वास येतो? खाज सुटते? कपडा खराब होतो?" आणि शेवटी, "मालकांजवळ गेल्यावर दुखतं का?" तोवर बाईची नजर जमिनीवरून वर आलेली असायची. कंबर तिला इथवर घेऊन आली होती. पण ज्यासाठी आली होती ते तिने अजून कुणालाच सांगितलेलं नसायचं.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास आम्हाला वर्गात नुसता नावापुरता सांगितला होता. क्लिनिकमध्ये आल्यावर तो मी पुन्हा काढून वाचला. दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी. निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक संबंधातून होणारा एखादा आजार होता, एकेकीला सरासरी ३.६. आणि त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. वर्गात ही मला टक्केवारी वाटली होती. आता पडद्याआड टेबलावर निजायला घाबरणारी, "कधीच कुणी पाहिलं नाही हो" म्हणणारी प्रत्येक बाई मला त्या उरलेल्या ९२ टक्क्यांतली वाटू लागली. हे दोन आकडे सारखेच असले तरी वेगवेगळे आहेत: आजार ९२ टक्क्यांना होता आणि तपासणीही ९२ टक्क्यांचीच कधी झालेली नव्हती.

आतून पाहण्याला किती अर्थ आहे हे क्लिनिकच्या डॉक्टर मॅडम तपासत असताना कळत गेलं. दह्याच्या कवडीसारखा पांढरा स्राव आणि सतत खाज, म्हणजे बुरशी. अशा बाईची साखरही तपासायची. पातळ, राखाडी, माशासारखा वास येणारा स्राव म्हणजे योनिमार्गातल्या नेहमीच्या जिवाणूंचा समतोल बिघडलेला. पिवळट-हिरवा, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनासचा संशय. आणि योनिमार्ग बरा दिसत असताना गर्भाशयाच्या तोंडातूनच पू ओघळत असेल तर पाकीट हिरवं नाही, राखाडी. स्पेक्युलम घातल्याशिवाय हा फरक बाहेरून कळत नाही. काही बायका तपासायला नकोच म्हणतात, तेव्हा दोन्ही पाकिटं द्यावी लागतात.

काहींना तर काहीच झालेलं नसतं. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत, गरोदरपणात थोडा पांढरा स्राव जातोच, त्याला ना वास असतो ना खाज. त्या बाईला कुठल्याच रंगाचं पाकीट द्यायचं नाही. हे शरीराचं नेहमीचं काम आहे, असं सांगून पाठवायचं. हे सांगायला सिस्टर सर्वांत जास्त वेळ घ्यायच्या, याचं मला आधी नवल वाटे.

आणखी एक गाठ सुटायला मला वेळ लागला. मी धरून चालले होते की या खोलीत येणारा प्रत्येक आजार कुणाकडून तरी आलेला आहे. तसं नाही. जननमार्गाचे काही संसर्ग आपल्याच शरीरातल्या जिवाणूंच्या किंवा बुरशीच्या वाढीने होतात, काही अस्वच्छ बाळंतपण, गर्भपात किंवा तांबी बसवताना आत नेले जातात आणि काही लैंगिक संबंधातून येतात. पहिले दोन प्रकार सांगितले की बाई हुंदका गिळून विचारते, "म्हणजे आमच्या ह्यांचं काही नाही ना?" तिला खोटा दिलासाही द्यायचा नाही आणि नसलेला संशयही घरात पेरायचा नाही. एका वाक्याने संसार हलू शकतो, आणि ते वाक्य बऱ्याचदा नर्सच्या तोंडी असतं.

पांढऱ्या पाकिटाची गोष्ट यातच येते. पहिलटकरीण होती, गरोदरपणाच्या नेहमीच्या तपासण्यांत सिफिलिसची चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह आली होती. अंगावर कुठे व्रण नाही, पुरळ नाही, तिला काही त्रास नाही. रिपोर्टवर लिहिलं होतं १:३२. हा आकडा बरा की वाईट हेच मला कळेना. मॅडमनी समजावलं: रक्त पातळ करत न्यायचं; ३२ पट पातळ केल्यावरही चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह येते, म्हणजे आजार जोरात आहे. उपचारानंतर तो १:८ वर किंवा त्याखाली यायला हवा. उपचार न झाल्यास पोटातलं बाळ दगावू शकतं किंवा आजार घेऊनच जन्मू शकतं. आणि बचाव जुनाच आहे: बेंझाथिन पेनिसिलिन, २४ लाख युनिट.

ते इंजेक्शन देणं मी जवळून पाहिलं. आधी हातावर टेस्ट डोस. ट्रेमध्ये अ‍ॅड्रिनलिन भरून तयार. पावडर पाण्यात हलवून हलवून दुधासारखी होते आणि सुईत अडकते. म्हणून जाड सुई, आणि थांबायचं नाही. दोन्ही कुल्ल्यांत १२-१२ लाख, खोल स्नायूत, सावकाश. दुखतं फार. तिने माझं मनगट धरलं होतं. नंतर अर्धा तास समोर बसवून ठेवलं. रात्री ताप, अंगदुखी येऊ शकते आणि गरोदर बाईच्या पोटात कळाही येऊ शकतात, तसं झालं तर लगेच यायचं, हे तिला आणि तिच्या आईला दोनदा सांगितलं.

नवऱ्याचं रक्तही तपासायला हवं होतं. "त्यांना कळलं तर मला माहेरी धाडतील," ती म्हणाली. कुणी कुणाला दिला, याचं उत्तर माझ्याकडून हवं असल्यासारखी ती बघत होती. ते उत्तर रक्तात नसतं. सिफिलिस वर्षानुवर्षं गुप्त राहतो. लग्नाआधीचाही असू शकतो, कुणाचाही. समुपदेशक ताईंनी तिच्या संमतीशिवाय घरी काहीही कळवणार नाही असं आधी सांगितलं, मग नवऱ्याला काय म्हणायचं ते तिच्याच तोंडून दोन-तीनदा म्हणवून घेतलं: बाळासाठी दोघांनाही तपासणी करायला सांगितली आहे, एवढंच. तो आला. त्याचंही रक्त घेतलं. एचआयव्हीची चाचणी दोघांनी संमती देऊन करून घेतली. २०१७ च्या कायद्याने ती संमती आणि गुप्तता बंधनकारक केली आहे. वर्गात मी या कायद्याचं साल पाठ केलं होतं, पण तो पडद्याआड कसा पाळतात ते इथे दिसलं.

आता पिवळ्या पाकिटाबद्दल, कारण माझा सगळा राग आणि सगळी आशा त्याच्यापाशी आहे.

आमच्याकडून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, खाडा झाला की पैसे कापले जातात. फडात ना आडोसा, ना पाणी, पाळीतही मोळ्या डोक्यावर. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने चौकशी केली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी आधीच्या दहा वर्षांत काढलेली होती. त्यातल्या कित्येक चाळिशीच्याही आतल्या होत्या. पांढरं जातं, पोटात दुखतं, या तक्रारीला "पुढे कॅन्सर होईल" हे उत्तर मिळालेल्या बायका.

अशीच एक तरुण बाई आमच्याकडे आली. ओटीपोट दुखत होतं, अंगावरून पांढरं जात होतं. एका खाजगी दवाखान्यात तिला सांगितलं होतं, पिशवी खराब झाली, काढून टाका. टोळी निघायच्या आत ऑपरेशन उरकावं म्हणून तिने व्याजाने पैसे बघायला सुरुवातही केली होती. गावातली आशाताई तिला आधी आमच्याकडे घेऊन आली. मॅडमनी तपासलं. गर्भाशयाचं तोंड हलवताच ती कळवळली. लघवीची गरोदरपणाची चाचणी केली, कारण नळीत राहिलेला गर्भही असाच दुखतो. ती निगेटिव्ह आली. गर्भाशयाच्या तोंडाला अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून पाहिलं, पांढरा डाग उठला नाही. कॅन्सरच्या आधीच्या बदलांची ती तपासणी आहे. गर्भाशय, नलिका आणि आसपासच्या भागाला सूज होती. औषध होतं पिवळं पाकीट: सेफिक्झिम एकदा, मेट्रोनिडॅझोल आणि डॉक्सिसायक्लिन दिवसातून दोनदा, १४ दिवस. नवऱ्यासाठी राखाडी. सगळं मोफत.

मला वाटलं, सुटला प्रश्न. सिस्टरांनी तिला समजवायला घेतलं तेव्हा प्रश्न किती उरले आहेत ते कळलं. डॉक्सिसायक्लिन जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. उन्हात त्वचा भाजते, म्हणून डोकं-हात झाकायचे. मेट्रोनिडॅझोल चालू असताना दारू चालत नाही. दोघांचे उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध नको, नंतर निरोध वापरायचा. बरं वाटलं तरी गोळ्या सोडायच्या नाहीत. ३ दिवसांनी दाखवायला यायचं. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "परवा टोळी निघतीय. पहाटं चारला फडात जायचं, तर मी गोळी कधी जेवून घेऊ?"

हा प्रश्न माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. सिस्टरांनी तिच्याशी बोलून वेळा ठरवल्या: पहिली गोळी फडात न्याहारी झाल्यावर, दुसरी रात्री भाकरी खाल्ल्यावर, निजायच्या बऱ्याच आधी. टोळी थांबवणं आमच्या हातात नव्हतं. तिचं निघणं दोन दिवस पुढे ढकलायला नवरा मुकादमाशी बोलला; दोन दिवसांचा खाडा त्यांनी सोसला. तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा दुखणं कमी झालेलं होतं. ते कमी झालं नसतं तर तिला दाखल करावं लागलं असतं, आणि फडात हे कुणी पाहिलं असतं?

मी मॅडमना विचारलं, तिच्याबरोबर एक कागद देता येईल का. त्यांनी होकार दिला. औषधांची नावं, सुरू केल्याची आणि संपण्याची तारीख, तपासणीत काय आढळलं, गरोदरपणाची चाचणी निगेटिव्ह, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी ठीक, नवऱ्याचा उपचार झाला. आणि खाली मॅडमच्या सहीने: सध्या गर्भाशय काढण्याचं कारण आढळलेलं नाही. ती वाचू शकत नव्हती, म्हणून मी प्रत्येक ओळ वाचून दाखवली. शेवटची ओळ तिने पुन्हा वाचायला लावली.

त्या कागदाचा आता आम्ही छापील नमुना केला आहे. टोळीबरोबर जाणाऱ्या आणि उपचार चालू असलेल्या प्रत्येक बाईला तो देतो. त्यात ती जिथे जाणार त्या भागातल्या सरकारी रुग्णालयाच्या सुरक्षा क्लिनिकचं नाव लिहायला जागा ठेवली आहे. मुकादमांकडून कारखान्यांची नावं घेऊन जवळचं क्लिनिक शोधायचं काम समुपदेशक ताई आणि मी करतो. सांगली-कोल्हापूरकडची बरीच सापडली आहेत. कर्नाटकातल्या कारखान्यांजवळची अजून शोधत आहोत, आणि तिकडच्या नर्ससाठी नमुन्याची कानडी प्रत करून देणारं कुणीतरी हवं आहे.