चिंगीची आंघोळ

रविवारी सकाळी बादलीची कडी वाजली रे वाजली, की चिंगी दिवाणाखाली. तीही अगदी भिंतीच्या कोपऱ्यात, जिथे केरसुणीदेखील पोचायची नाही. मग आम्ही दोघं भावंडं जमिनीवर पालथी पडून हात लांब करायचो आणि ती अंग चोरून आणखी दोन बोटं मागे सरकायची.

'आंघोळ' हा शब्द तर घरात उच्चारायची सोयच राहिली नव्हती. म्हणून आम्ही 'अभिषेक' म्हणायला लागलो. पंधरा दिवसांत तिला तोही कळला. मग 'सत्यनारायण' सुरू केलं, तेव्हा मात्र आजी भडकली. "कुत्रीच्या आंघोळीला देवाचं नाव? काही लाजलज्जा?" ही तीच आजी, जी दर रविवारी ओट्याशी उभी राहून म्हणायची, "मेलीचं दर आठवड्याला अभ्यंग, आम्हाला मात्र दिवाळीलाच!"

चिंगी डोंबिवलीला आमच्या दोन खोल्यांत आली ती 1995 साली. आदल्याच वर्षी 'हम आपके हैं कौन' येऊन गेला होता आणि त्यातल्या टफीमुळे बिल्डिंगी-बिल्डिंगीतून पांढरी झुबकेदार कुत्री दिसायला लागली होती. सगळे त्यांना पॉमेरियन म्हणायचे, आम्हीही म्हणायचो. "ही स्पिट्झ आहे हो," असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. पॉमेरियन दोन-तीन किलोचं असतं, आमची ही सात किलोची. पण बाबा शेवटपर्यंत पॉमेरियनच म्हणत राहिले.

त्या सात किलोंत खरं कुत्रं किती आणि केस किती, ते मोरीतच कळायचं. दोन तांबे पाणी पडलं की सिंहाची आयाळ मिरवणारी ही बाई एकदम ओल्या घुशीएवढी व्हायची. बारीक मान, काटकुळे पाय आणि त्यावर दोन भलेमोठे डोळे. ते डोळे आमच्याकडे असे बघायचे, की आपण कुणाचा तरी खून करतोय असं वाटावं.

तिच्या केसांना दोन थर होते, वरचे लांब आणि आत लोकरीसारखे दाट. आतला थर लवकर भिजायचा नाही आणि भिजला की लवकर वाळायचा नाही. सुरुवातीला आम्ही तिला विंचरल्याशिवायच पाण्यात घातलं, तर काखेतला गुंता भिजून असा आवळला की कात्रीच लावावी लागली. तेव्हापासून आधी फणी, मग पाणी. कानांत कापसाचे बोळे. पाण्यात विसण घालून बाबा त्यात कोपर बुडवून बघायचे, तान्ह्या बाळाच्या पाण्याला बघतात तसं. पाणी आधी पायांवर, मग पाठीवर, डोकं सगळ्यात शेवटी. कारण डोकं भिजलं की ती अंग झटकायची. नाकापासून सुरू झालेला झटका शेपटीच्या टोकाला पोचेपर्यंत मोरीच्या चारही भिंती आणि बाबांचा चष्मा न्हाऊन निघालेला असायचा.

एक घोळ मात्र आमच्या हातून झाला. पहिलं वर्षभर आम्ही तिला आमच्याच अंगाच्या साबणाने घासत होतो. तिला कोंडा झाला, खाजवून खाजवून पाठीवर रुपयाएवढा चट्टा पडला. आम्हाला वाटलं गोचीड. डॉक्टरांनी चट्टा बघितला, साबण कुठला ते विचारलं आणि कपाळाला हात लावला. आपल्या कातडीचा सामू साडेपाचच्या आसपास, कुत्र्याचा सातच्या आसपास, आणि साबणाची वडी नऊ-दहाच्या घरातली. त्यात दाट केसांतून साबण नीट निघालेलाही नसणार. "तिचा वेगळा शाम्पू आणा, आणि महिन्यातून एकदा पुरे. दर आठवड्याला घासायला ती काय पातेलं आहे?" हे ऐकून सगळ्यात जास्त आनंद आजीला झाला.

आंघोळ झाली की जुन्या पंचात गुंडाळून तिला गॅलरीतल्या उन्हात न्यायचं. पंचातून सुटली की ती घरभर सुसाट धावायची, दिवाणावरून खाली, खालून वर, आणि शेवटी दारातल्या पायपुसण्यावर पाठ घासून महिन्याभराची धूळ परत अंगाला लावून घ्यायची. मग कुठे तिला बरं वाटायचं.

बाराव्या वर्षी तिला ऐकू येईनासं झालं. कडी वाजली तरी ती दारापाशी पसरलेलीच. म्हणजे आता अलगद उचलायची आणि मोरीत ठेवायची, काम सोपं झालं. एकदा तसं केलंही. ती इतकी दचकली की बाबांना ते बरं वाटलं नाही.

पुढच्या वेळी त्यांनी रिकामी बादली तिच्या नाकापुढे नेऊन ठेवली. चिंगीने हुंगलं, सावकाश उठली, लंगडत लंगडत दिवाणाखाली गेली आणि भिंतीला टेकली. मग आम्ही दोघं पालथी पडलो.